आमच्या दारातली नगण्य वाहतूक

विजेच्या खांबावर कोणीतरी एक कागद चिकटवून गेलं होतं. शेजारी घरबसल्या कामाची आणि मूळव्याधीच्या डॉक्टरची जाहिरात, त्यामुळे गल्लीत कोणी लक्ष दिलं नाही. आईने दिलं, कारण तो खांब तिच्या ओट्यासमोरच आहे आणि दिवसभर तिला त्याच्याकडेच बघत बसायचं असतं. मी रबाळ्याहून ऑफिस सुटल्यावर आले, स्कूटर लावतेय तोच हाक आली.

"बाय, तो कागूद वाच गो. त्याच्यावर शिक्का हाय."

शिक्का असलेला कुठलाही कागद आमच्या घरात माझ्याकडे येतो. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. बी.कॉम., सेकंड क्लास, रात्रीच्या कॉलेजातून नाही, दिवसाच्या. कोणी विचारलं नाही तरी मी हे सांगते, आणि पुढेही सांगणार आहे. माझा भाऊ पावण्याला वर्कशॉपात लेथवर असतो, हाताने लोखंड कापतो, पण शिक्का दिसला की तोही कागद दोन बोटांत धरून माझ्यासमोर उभा राहतो, जसा काही गरम आहे.

कागद असा होता. आमच्या गल्लीच्या टोकाला मोकळा प्लॉट आहे, तिथे 'मोठे किरकोळ विक्री केंद्र' होणार होतं. मोठं आणि किरकोळ हे दोन शब्द शेजारी-शेजारी बसवायला सरकारी माणूसच लागतो. म्हणजे साध्या भाषेत एक मोठं दुकान, ट्रॉली ढकलत फिरायचं आणि घ्यायचं नसलेलंही घेऊन यायचं, तसलं. त्या दुकानाच्या गाड्या कुठून येणार, कुठून जाणार याचा अभ्यास झाला होता आणि त्यावर लोकांच्या हरकती मागवल्या होत्या. मधोमध एक वाक्य होतं, ते मी मोठ्याने वाचलं:

"मालवाहू वाहनांसाठी गावठाणाकडील गल्ली पोच रस्ता म्हणून सुयोग्य असून सदर रस्त्यावरील वाहतूक नगण्य आहे. रस्त्यातील ओटे, पायऱ्या इत्यादी किरकोळ अडथळे हटविण्यात यावेत."

"ओटे म्हंजे आपला?"

"आपलाच. बाकीच्यांनी त्यांचे ओटे कधीच घरात घेऊन तिथे दुकानं काढली."

"आन नगण्य म्हंजे?"

"मोजण्यासारखी नाही."

आईने जरा विचार केला. "मंग मोजली कोनी?"

आधी ओट्याचं सांगते, कारण ही सगळी गोष्ट त्याचीच आहे. आमच्या घरापुढे पाच-सहा माणसं बसतील एवढा शहाबादी फरशीचा ओटा आहे. बाबांनी बांधला, तेव्हा समोर शेत होतं. नंतर सेक्टर आले. शेताला प्लॉट नंबर मिळाला, बांधाचा रस्ता झाला आणि आमचं घर जिथल्या तिथे उभं असताना रस्त्यात आलं. कोपरखैरण्याच्या कुठल्याही गावठाणात जा, हेच ऐकाल. आम्ही कुठेच गेलो नाही, तरी आम्हीच मध्ये आलो. आता बाबा नाहीत, आणि आईचे गुडघे गेलेत. ओट्याच्या तीन पायऱ्या उतरून रस्त्यावर जायचं म्हणजे तिला कोणाचा तरी खांदा लागतो. त्यामुळे ती उतरतच नाही. सकाळी ओट्यावर येते, सुकट वाळत घालते, कोळणीशी भाव करते, येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करते, दुपारी तिथेच पाय पसरते. बाहेर म्हणून जे काही तिच्या वाट्याला उरलंय ते तेवढ्या फरशीवर आहे. आणि ते किरकोळ होतं.

गल्लीच्या एका बाजूला आम्ही गाववाले, दुसऱ्या बाजूला एका मोठ्या सोसायटीची मागची भिंत. सोसायटीचं तोंड मेन रोडला. दुकानाचा प्लॉटही मेन रोडलाच लागून, म्हणजे दुकानाच्या ट्रकला सरळ मेन रोडने आत जाता आलं असतं. पण मग ट्रक सोसायटीच्या गेटसमोर वळले असते. सोसायटीने आधीच पत्र देऊन कळवलं होतं की आमच्याकडे ज्येष्ठ नागरिक आहेत, लहान मुलं आहेत. आमच्याकडे बहुधा दोन्ही नव्हती.

दुकान मात्र सगळ्यांना पाहिजे होतं. सोसायटीला चीज आणि मुसली जवळ मिळणार म्हणून, गावाला पोरं कामाला लागतील म्हणून. आईने सुद्धा पहिल्या दिवशी विचारलं, तेल सस्तं मिलेल का. दुकान हवं, फक्त त्याचं दार दुसऱ्याच्या दारात हवं.

तर मोजली कोणी? आईला रात्रीपर्यंत आठवलं. भाकरी थापता थापता हात तसाच थांबला. "तो गो, चष्म्यावाला. हळदीला आलेला."

मलाही लख्ख आठवलं. भावाच्या हळदीला गल्लीत मांडव होता. आमच्यात लग्न एक वेळ साधं होईल, हळद साधी होत नाही. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मांडव, दोन्हीकडे बांबू आडवे, डीजे, खुर्च्या, पातेली. त्या दिवशी गल्लीतून सायकल जाणंही शक्य नव्हतं. एक मध्यमवयीन गृहस्थ हातात पॅड घेऊन आले, गळ्यात ओळखपत्र. सगळीकडे बघून, बसायला जागा नाही म्हणून आमच्या ओट्याच्या कडेला टेकले. आम्हाला वाटलं सोयऱ्यांपैकी. सोयऱ्यांना वाटलं कॅटररचा हिशेबनीस. ते बिचारे अंधार पडेपर्यंत बसले होते, दर थोड्या वेळाने पॅडवर काहीतरी लिहीत. आईने विचारलं, "भाव, तू कोनाकडचा?" ते म्हणाले, "मी ऑफिसकडून." आईला तेवढं पुरलं. मटण, भाकरी, वडे, सगळं ताटात वाढून दिलं. त्यांनी दोनदा रस्सा घेतला, हात धुतले आणि गेले.

आणि जाऊन लिहिलं, वाहतूक नगण्य. खोटं कुठेच नाही. गाडी एक आली नाही. मांडवातून कशी येईल?

सुनावणीला आई येणार म्हणाली. "माजा ओटा हाय, मी बोलेन." भाऊ तिला उचलल्यासारखा रिक्षात बसवून घेऊन आला. सरकारी ऑफिसात गेल्यावर कळलं की येण्या-जाण्याच्या सोयीवरची ही सुनावणी दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद आहे. शिपायाने आईला खाली त्याचं बाकडं दिलं. आम्ही वर गेलो. मी, भाऊ आणि काका.

काकांची ओळख करून द्यायला हवी. बाबांचे धाकटे भाऊ. पांढरा कडक शर्ट, खिशाला दोन पेनं, दोन्ही न चालणारी. कुठलीही निवडणूक लढलेले नाहीत, पण बोलतात असे की मागच्या वेळी थोडक्यात हुकली. गावात कुठलाही प्रश्न आला की काका आधी येतात आणि प्रश्न जायला निघाला की त्याला थांबवून घेतात.

हॉलमध्ये पुढच्या रांगेत सोसायटीवाले. त्यांचे अध्यक्ष मधोमध, निवृत्त, इस्त्रीचे, आवाज असा की समोर माईक नसतानाही माईक आहे असं वाटावं. टेबलामागे साहेब, थकलेला माणूस, पुढ्यात चहा आणि बिस्किटं. बाजूला दुकानवाल्यांचे सल्लागार, लॅपटॉप लावून. त्यांनी सुरुवात केली:

"सो, द एक्झिस्टिंग अप्रोच रोड इज ऑपरेटिंग अ‍ॅट अ व्हेरी कम्फर्टेबल लेव्हल ऑफ..."

"मराठीत बोला," मी म्हटलं.

अध्यक्ष मागे वळले, गोड हसले. "ताई, आम्ही समजावू तुम्हाला नंतर."

"मला समजतंय. बी.कॉम. आहे मी. ओटा माझ्या आईचा जाणार आहे, तिला जाऊन सांगायचंय मला. ती खाली बसलीय, तुमची लिफ्ट बंद आहे म्हणून."

साहेबांनी बिस्कीट खाली ठेवलं. "मराठीत बोला हो. आणि ती लिफ्ट बघा रे कोणीतरी."

सल्लागार मराठीत आले आणि एकदम लहान झाले. इंग्रजीत जे पाच मिनिटं चाललं असतं ते मराठीत एका वाक्यात संपलं: या गल्लीत गाड्या नसतात, म्हणून आमचे ट्रक तिथून नेतो.

मी विचारलं, मोजणी कुठल्या दिवशी केली. त्यांनी तारीख सांगितली.

"त्या दिवशी माझ्या भावाची हळद होती. हा बघा, हाच तो नवरदेव."

भाऊ उगाच उभा राहिला. मागे कोणीतरी हसलं.

"आमच्या माणसाने प्रत्यक्ष जागेवर बसून नोंद केलेली आहे," सल्लागार म्हणाले.

"बसून म्हणजे कुठे? माझ्या आईच्या ओट्यावर. जो तुम्ही अडथळा म्हणून लिहिलाय. जेवला पण तिथेच."

साहेब पुढे वाकले. "काय होतं जेवायला?"

"मटण. वडे पण होते."

"आणि मांडव अहवालात नाही?"

"सर," सल्लागार हळू आवाजात म्हणाले, "आमच्या तक्त्यात मांडवाचा रकाना नाही."

"बैलगाडीचा आहे?"

"आहे सर."

"दिसली?"

"शून्य, सर."

सगळा हॉल हसला. अध्यक्षही हसले, पण ते जरा उशिरा आणि आखडतं. साहेबांनी सांगितलं, परत मोजा, आणि या वेळी मुहूर्त बघून जा. मी खाली जाऊन आईला सांगितलं. ती शिपायाला सुकटीची चटणी कशी करायची ते सांगत होती. म्हणाली, "बरा झाला," आणि शिपायाला म्हणाली, "लसून जास्ती घाल."

मला वाटलं होतं, जिंकले. आमची गल्ली साधी गल्ली आहे. सकाळी दूधवाला, शाळेच्या व्हॅन, दोन-चार टेम्पो, संध्याकाळी कामावरून येणाऱ्या मोटरसायकली. ट्रक आत आला तर या सगळ्यांचं काय होईल ते कुठल्याही साध्या दिवशी कोणालाही दिसलं असतं. फक्त साधा दिवस पाहिजे होता. तेवढाच आमच्याकडून झाला नाही.

मोजणीच्या दिवशी मी रबाळ्याला कामावर. दुपारनंतर भावाचा फोन. मागून एवढे हॉर्न की आधी मला वाटलं तो हायवेवर आहे.

"ताई, लवकर ये. काकांनी धमाल केलीय."

गल्लीच्या तोंडाशीच मला स्कूटर सोडावी लागली. आत गावातलं जे काही चाकावर होतं ते सगळं होतं. मोटरसायकली, रिक्षा, मासळीचे टेम्पो, पाण्याचा टँकर, कोणाची तरी जेसीबी. सगळे एकामागे एक आमच्या गल्लीतून जात होते, मेन रोडने वळसा घेत होते आणि परत आमच्याच गल्लीत येत होते. एक चुलतभाऊ, ज्याला बोलावल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकायचा कंटाळा, तो रिकामा टेम्पो घेऊन कितव्यांदा तरी समोरून गेला आणि मला हात केला. मध्ये वरातीची बग्गी. घोड्यासकट. काकांनी ती मुद्दाम आणवली होती, कारण सुनावणीत बैलगाडीचा रकाना त्यांनी नीट ऐकला होता.

काका मध्ये उभे, शिट्टी तोंडात. "नगण्य बोलले ना आपल्याला? दाखवतो यांना गण्य काय असतं!"

आणि ओट्यावर तेच चष्मेवाले गृहस्थ. पॅड गुडघ्यावर, पेन थांबत नव्हतं. आई शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन बसलेली.

"मावशी," ते घाम पुसत म्हणाले, "आज पण हळद आहे का?"

"नाय भाव," आई म्हणाली, "आज निस्ती वरात."

मी काकांना बाजूला घेतलं. मी कारखान्यात डिस्पॅचला असते, गाड्या आत घेणं आणि बाहेर काढणं यातच माझा दिवस जातो. "काका, हे जास्त झालं."

"जास्तच पायजे."

"ते म्हणतील रस्ता लहान पडतो."

"म्हनू दे ना! तेच तर सांगतोय, लहान हाय!"

"लहान आहे म्हटल्यावर माणूस काय करतो?"

काकांनी शिट्टी काढली, विचार केल्यासारखं केलं आणि परत तोंडात घातली. "तू शिकलेली हायस," ते शिट्टीच्या बाजूने म्हणाले, "म्हनून तुला टेन्शन येतं."

नवा अहवाल आला. खांबावर आधीच्या कागदाच्या वरच चिकटवला. आता लिहिलं होतं की सदर पोच रस्ता अत्यंत वर्दळीचा असून त्याची रुंदी अपुरी आहे, सबब गावठाण गल्लीचे रुंदीकरण करण्यात यावे. ओटा आता किरकोळ अडथळा राहिला नव्हता. त्याला बढती मिळाली होती. अतिक्रमण. आणि नुसता ओटा नाही, त्याच्या मागची पडवीसुद्धा.

मी वाचून दाखवलं. काका तिथेच होते. आईने विचारलं, "आता नगण्य नाय ना?"

"नाही."

"मंग ओटा ऱ्हायला?"

काकांनी एक पेन काढलं, बघितलं, परत ठेवलं. "हे राजकारन हाय," ते म्हणाले आणि त्यांना अचानक कुठेतरी जायचं होतं.

त्या संध्याकाळी मी आतून बघितलं तर आईने तिची प्लास्टिकची खुर्ची ओट्यावरून उचलून घरात आणली होती, दाराच्या आत. तिथे बसून बघत होती. मग जरा सरकवून परत बघितलं. मग या बाजूला.

"काय करतेस?"

"इथून कवरा दिसतं ते बगते." खुर्ची आणखी सरकवून म्हणाली, "खांब पन नाय दिसत गो."

मी जन्मात पहिल्यांदा काकांना त्यांच्या घरी जाऊन बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही. बी.कॉम.चा त्यात काही उपयोग झाला नाही, ते सगळं मी त्याआधीच शिकले होते.

मग दोन माणसं आली, एकाकडे टेप, एकाकडे लाल रंगाचा डबा. गल्लीचा मध्य धरला आणि दोन्हीकडे सारखं मोजलं. आमच्या बाजूला रेघ आली पडवीच्या मागे, घराच्या भिंतीवर, बरोब्बर जिथे बाबांचा फोटो आतून टांगलाय त्याच्या पाठीला. आईने रंगवाल्यालाही पाणी दिलं. ही बाई कोणाला पाणी द्यायचं सोडत नाही, यावरून माझं तिच्याशी भांडण आहे.

आता गंमत. मध्य धरला की दोन बाजू येतात. पहिल्या अहवालात फक्त आमच्या बाजूचं काढायचं होतं, म्हणून सोसायटी खूश होती. रस्ता रुंद करायचा म्हटल्यावर ते टेप भिंतीपलीकडे गेलं. रंगवाल्याने सोसायटीच्या भिंतीवर बाण काढला, आत आणखी एवढं, असा. एवढं म्हणजे त्यांचं मागचं पत्र्याचं पार्किंग सगळं. त्या पत्र्याखाली पहिली गाडी अध्यक्षांची, तिला वरून कव्हर असतं आणि रविवारी आंघोळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष आमच्याकडे आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. समोरासमोर राहतो, मध्ये फक्त त्यांची भिंत, पण यायला मेन रोडने वळसा घालून यावं लागतं, आणि एवढा लांबचा प्रवास त्यांना कधी जमला नव्हता. ट्रॅक पँट, पायात भारी बूट. ओट्यावर यायच्या आधी त्यांनी बूट काढले. मी दारातून बघत होते.

"काकू," ते म्हणाले, "हा ओटा म्हणजे आपला वारसा आहे."

"कोनाचा?"

"आपला. आपल्या सगळ्यांचा."

"सगल्यांचा कसा? माज्या नवऱ्याने बांदला."

"तसं नाही, काकू. म्हणजे गावठाणाची संस्कृती... ही टिकली पाहिजे. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत."

आईने त्यांच्या पाठीशी काय आहे ते मान उंचावून बघितलं. भिंतीवरून पत्रा आणि त्याखालचं कव्हर दिसत होतं. "ती पांढरी गाडी तुमचीच ना?" तिने विचारलं. "चांगली हाय. कवर चांगला हाय."

अध्यक्षांना सुकटीचा वास आवडला, असं ते दोनदा म्हणाले. ओट्यावर बसून त्यांनी स्वतःचा आणि आईचा एक फोटो काढून घेतला. काढायला मलाच सांगितलं. "शिकलेल्या आहात, चांगला येईल काढता."

दुसऱ्या सुनावणीला लिफ्ट बंदच होती. दारावर नवा कागद मात्र होता, 'लिफ्ट बंद आहे', लॅमिनेट करून. आईने या वेळी यायचं नाव काढलं नाही.

मी माझी हरकत तीन पानी लिहून नेली होती. घर आधी, रस्ता नंतर. दोन्ही मोजण्या चुकीच्या दिवशी, एक आमच्या हळदीमुळे आणि एक आमच्याच अकलेमुळे, हेही लिहिलं होतं, लपवलं नाही. साध्या दिवशी मोजा, एवढंच मागितलं. साहेबांनी पानं घेतली, वर पोच म्हणून शिक्का मारून एक प्रत मला परत दिली. तेवढीच काय ती पोच मिळाली.

मग अध्यक्ष उभे राहिले. त्यांनी काय भाषण केलं! गावठाणाच्या गल्ल्या या शहराचा आत्मा आहेत. त्या ओट्यावर बसून त्यांनी स्वतः शांतता अनुभवलीय. (शांतता? आईच्या शेजारी?) एका वृद्ध मातेचा ओटा पाडून आम्हाला स्वस्त डाळ नको. मेन रोडने ट्रक आले तर आम्हाला थोडा त्रास होईल, पण आम्ही तो सोसू. ज्येष्ठ नागरिक आणि लहान मुलं बहुतेक त्या आठवड्यात गावाला गेली होती. मागच्या रांगेत काकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांच्याकडे बघितलं, तेव्हा थांबले.

सल्लागार साहेबांच्या कानाशी लागले, साहेबांनी मान हलवली, आणि कळलं की मेन रोडने ट्रक नेणं आधीपासूनच शक्य होतं. नकाशात तशी जागा होतीच. फक्त कोणी मागितली नव्हती, म्हणजे ज्यांनी मागायला हवी होती त्यांनी.

निकाल खांबावर लागला: गावठाण गल्लीचे पारंपरिक स्वरूप विचारात घेता रुंदीकरणाचा प्रस्ताव वगळण्यात येत आहे. मालवाहू वाहने मुख्य रस्त्याने. माझ्या तीन पानांतला एक शब्द त्यात नव्हता. अध्यक्षांचं पारंपरिक स्वरूप मात्र होतं, आणि त्याला पत्र्याचं छप्पर होतं हे वाचणाऱ्याला कळायची सोय नव्हती. मी चिडून आईला म्हटलं, "हे आपलं ऐकून नाही झालं, त्यांच्या पार्किंगसाठी झालंय."

"ओटा ऱ्हायला ना?"

"राहिला."

"मंग वाच की हसत."

दुकान झालं. सगळे जातात. अध्यक्ष ट्रॉली घेऊन मुसलीच्या रांगेत दिसतात आणि मला ओळखत नाहीत. संध्याकाळी सोसायटीच्या गेटसमोर ट्रक वळतात, पांढरी गाडी आत अडकून हॉर्न वाजवत बसते आणि तो हॉर्न भिंतीवरून आमच्याकडे येतो. आई कान देऊन ऐकते. काका सांगतात की हे सगळं त्यांच्या बग्गीमुळे झालं. अवघड हे आहे की ते खरं आहे.

भिंतीवरची लाल रेघ पुसायला कोणी आलं नाही. ती आहे.

मागच्या महिन्यात आईने गवंडी बोलावला. तिला उंच पायऱ्या चढता-उतरता येत नाहीत, म्हणून ओट्याला पुढून एक रुंद, बुटकी पायरी आणि धरायला पाइप हवा होता. गवंड्याने विटा मांडल्या. मी टेपचं टोक धरून उभी होते आणि बघितलं तर पायरी सरळ रस्त्यात येत होती, चांगली वीतभर.

"आई," मी म्हटलं, "आधी आपण रस्त्यात गेलो नव्हतो, रस्ता आला होता. हे मात्र आता खरंच अतिक्रमण आहे."

आई पाइप धरून उभी राहून बघत होती, नीट पकडता येतो का.

"त्यांनी खोटा लिवला व्हता ना?" ती म्हणाली. "मंग आता खरा केला."

गवंड्याने माझ्याकडे बघितलं. तोही शिकलेल्या माणसाची परवानगी घेत होता. मी टेपचं टोक आणखी दोन बोटं पुढे सरकवलं.